लॅपटॉपवरची एकट्याची गाणी बँडपर्यंत कशी न्यावीत

नोकरी किंवा दुसरा बँड सांभाळून रात्री हेडफोन लावून एकट्याने केलेली पाच-सहा गाणी प्रसिद्ध झाली, ऐकणारे वाढले आणि विचारणा सुरू झाली, की लाइव्ह कधी करणार? तिथून पुढे काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने दिलं आहे. घरी रेकॉर्डिंग करणारा, मराठीत गाणारा, पुण्या-मुंबईत चार-पाच जणांचा बँड उभा करू पाहणारा संगीतकार डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. गिटार आणि ड्रम्सच्या जोडीला तबला किंवा हार्मोनियम असेल तर वेगळेच प्रश्न येतात. त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून तो भाग सविस्तर घेतला आहे.

१. वादक हवेत की भागीदार, हे पहिल्या फोनआधी ठरवा

पद्धती दोनच. पहिलीत गाणी, नाव, निर्णय आणि तोटाही तुमचा. बाकीचे तालमीचे आणि कार्यक्रमाचे ठरलेले पैसे घेऊन वाजवतात. दुसरीत सगळे भागीदार: चालीवर बोलायचा अधिकार सगळ्यांना, खर्च आणि मिळकतही सगळ्यांची.

ऑस्ट्रेलियाच्या केव्हिन पार्करने टेम इम्पाला हा बँड पहिल्या पद्धतीने चालवला. स्टुडिओत जवळपास सगळं एकट्याने वाजवायचं आणि मंचावर बँड घेऊन उभं राहायचं. अमेरिकेच्या डेव्ह ग्रोहलने फू फायटर्स या रॉक बँडचं पहिलं रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९९४ मध्ये सिएटलला आठवडाभरात उरकलं. एका गाण्यातली पाहुण्याची गिटार सोडली तर सगळी वाद्यं त्याचीच होती. वादक नंतर गोळा केले. १९९७ च्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी ड्रमरने वाजवलेलं बरंचसं त्याने स्वतः पुन्हा वाजवून रेकॉर्ड केलं आणि तो ड्रमर बँड सोडून गेला. ‘तू बँडचा माणूस’ म्हणायचं आणि प्रत्येक ठोका आपणच ठरवायचा, ही मधली अवस्था सगळ्यात महाग पडते.

पहिले सहा महिने सरळ पहिली पद्धत ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. पैसे कमी असतील तर कमी सांगा, पण आकडा सांगा: तालमीचा प्रवासखर्च, कार्यक्रमाचं मानधन, रद्द झाला तर किती. सहा महिन्यांनी जे टिकून आहेत आणि ज्यांच्यामुळे गाणी खरोखर बदलली आहेत, त्यांच्याशी भागीदारीचं बोला.

२. सेशन उघडा आणि प्रत्येक ट्रॅकचा निकाल लावा

घरी केलेल्या गाण्याच्या सेशनमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइलमध्ये) चाळीस-पन्नास ट्रॅक सहज असतात. पाच माणसांना ते वाजवता येत नाहीत आणि वाजवायची गरजही नसते. प्रत्येक ट्रॅकपुढे चारपैकी एक शेरा लिहा: मंचावर वाजेल, बॅकिंग ट्रॅकवर (आधी रेकॉर्ड करून लॅपटॉपवरून वाजवायच्या साथीवर) जाईल, दुसऱ्या भागात मिसळेल, गळेल. दुहेरी रेकॉर्ड केलेल्या गिटारी गळतात, कारण तो भरीवपणा मंचावर अॅम्प आणि खोली देतात. धृपदातल्या आवाजाच्या चार थरांच्या जागी एकच दुसरा आवाज पुरतो. विशेषतः पुढची ठिकाणं तपासा.

ड्रम्स: माउसने मांडलेला ताल दोन हात आणि दोन पायांत बसतो का? हाय-हॅटवर सोळा मात्रा चालू असताना त्याच क्षणी स्नेअर, टॉम आणि क्रॅश तिन्हींवर ठोका पडत असेल तर त्याला चार हात लागतील. टाळ्या आणि शेकर बॅकिंग ट्रॅकवर टाका. फिल्स ड्रमरला स्वतःच्या बांधू द्या.

खालचे सूर: घरच्या मिक्समध्ये सिंथ बेस आणि बेस गिटार दोन्ही असतात आणि प्लगइनने एकमेकांना वाट करून दिलेली असते. मंचावर ती सोय नसते. किक ड्रम सोडला तर १०० हर्ट्झच्या खाली एकाच वाद्याचं राज्य असावं. बॅकिंग ट्रॅकला १२० हर्ट्झच्या आसपास लो-कट (खालचे सूर गाळणारा फिल्टर) लावा. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसचेच सूर दाबत असेल तर तो थांबवा. पहिल्या तालमीत ‘सगळं गढूळ ऐकू येतंय’ अशी तक्रार येते, तेव्हा पहिला संशय या डाव्या हातावर घ्यावा.

श्वास: सहा टेकमधून जोडलेल्या ओळीत श्वासाला जागाच उरलेली नसते. गाणं उभं राहून, सलग, मोठ्या आवाजात गाऊन पाहा. जिथे दम तुटतो तिथे शब्द सोडा, एक ओळ दुसऱ्या गायकाला द्या किंवा दोन मात्रांचा विराम घाला.

शेवट: रेकॉर्डिंग हळूहळू विरत संपवता येतं, मंचावर नाही. प्रत्येक गाण्याला ठरलेला शेवट लिहा. तिहाई घ्या, एकाच ठोक्यावर थांबा, नाहीतर शेवटची ओळ फक्त आवाजावर सोडा.

एवढं झालं की प्रत्येक गाण्याचा एकपानी कागद करा: पट्टी, बीपीएम (मिनिटाला किती ठोके), भागांचा क्रम, प्रत्येक भागाची आवर्तनं किंवा बार, कॉर्ड्स, सुरुवात कोण करतो आणि शेवट कसा. गिटारवाला कॉर्ड्स वाचतो, हार्मोनियमवाला बहुधा सरगम. दोन्ही एकाच कागदावर द्या.

३. पट्टी ठरवताना तबला आणि हार्मोनियमला विचारा

रात्री खुर्चीत बसून, माइकला खेटून गायलेली पट्टी ड्रम्सच्या बाजूला उभं राहून चाळीस मिनिटं गाताना बहुधा जमत नाही. अर्धा किंवा एक सूर खाली आणावा लागतो. उलटंही होतं: कुजबुजत गायलेलं गाणं मंचावर ऐकूच येत नाही, मग ते वर न्यावं लागतं. ड्रम्स वाजत असताना गाऊन पाहिल्याशिवाय पट्टी पक्की करू नका.

तबला असेल तर खरा हिशोब इथे सुरू होतो. एका तबल्याचा सूर अर्धा-एक सूर वर-खाली करता येतो. त्यापुढे पुडी (तबल्याचं चामडं) ताणली की आवाज बंद होतो आणि सैल केली की नाद जातो. आठ गाणी आठ पट्ट्यांत असतील तर तबलावादकाने आठ तबले आणायचे का? मार्ग आहे. काळी चारला लावलेला तबला काळी चारच्या गाण्यात षड्ज देतो, काळी एकच्या गाण्यात पंचम आणि काळी दोनच्या गाण्यात मध्यम. गाण्यात शुद्ध मध्यम किंवा पंचम टिकून असेल तर या एकाच तबल्यावर तीन पट्ट्या निघतात. जोडीला वरच्या काळी एकचा लहान तोंडाचा तबला ठेवला की बहुतेक संच भागतो. म्हणून गाण्यांचा क्रम लावताना एका तबल्याची गाणी सलग ठेवा. नाहीतर दर गाण्यानंतर हातोडी वाजत राहते आणि प्रेक्षक मोबाइल काढतात.

गिटारवाल्याला ही भाषा समजावून द्या. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार धरावेत, किंवा चौथ्यावर लावून एचे. आवाज दोन्हींचा वेगळा येतो. दोन्ही ऐकून निवडा.

हार्मोनियमचा घोटाळा याहून चिवट आहे. तिचे सूर पितळी पट्ट्यांचे. ऐन वेळी बदलता येत नाहीत, आणि बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झवर नेमक्या नसतात. ४४४ वर असलेली पेटी तुमच्या बॅकिंग ट्रॅकपेक्षा सुमारे १६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर वाजते आणि सगळं गाणं थोडं आंबट लागतं. पहिल्याच तालमीला ट्यूनर लावून पेटीचा फरक मोजा. गिटार-बेस पेटीला लावा, कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तेवढंच सरकवा आणि बॅकिंग ट्रॅकही तेवढ्याच सेंटने वर नेऊन पुन्हा एक्स्पोर्ट करा. म्हणूनच तालमीला आणि कार्यक्रमाला तीच पेटी हवी. आयोजकाने दिलेली दुसरी पेटी ऐन वेळी घेऊ नका.

पावसाळ्यात तबल्याची पुडी दमट हवेने सैलावते आणि सूर उतरतो. एसी सभागृहात कोरडेपणाने चढतो. तबला मंचावर निदान अर्धा तास आधी ठेवा आणि त्यानंतरच लावा.

४. क्लिक आणि बॅकिंग ट्रॅक

बॅकिंग ट्रॅक आणि क्लिक (ड्रमरच्या कानातली लयीची टिकटिक) सगळ्या गाण्यांना लागतातच असं नाही. पाच वादकांत गाणं पूर्ण उभं राहत असेल तर लॅपटॉप घरी ठेवा. ताल थोडा श्वास घेतो आणि चूक झाली तरी सावरता येते. वाजवता न येणारे आवाज मात्र ट्रॅकवरच जाणार.

लागणारं सामान:
– किमान चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज वेगवेगळ्या केबलवर बाहेर काढणारं उपकरण)
– दोन चॅनेलचा डीआय बॉक्स (वाद्याचा किंवा लॅपटॉपचा आवाज थेट मिक्सरला जोडणारी डबी), ग्राउंड लिफ्टच्या बटणासह
– ड्रमरसाठी लहान हेडफोन अॅम्प आणि कान बंद करणारे इअरफोन
– क्वार्टर इंच जॅकच्या केबल, प्रत्येकीची एक जादा
– तीच फाइल असलेला दुसरा लॅपटॉप किंवा फोन

आउटपुट १ आणि २ वर संगीत. ते डीआयमधून साऊंडवाल्याकडे. आउटपुट ३ वर क्लिक. ते फक्त ड्रमरच्या कानात. मुख्य स्पीकरमधून क्लिक ऐकू येणं हा नव्या बँडचा ठरलेला अपघात आहे, आणि बहुतेक वेळा दोन केबल अदलाबदल झालेल्या असतात. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा. इंटरफेस नसेल तर एकाच स्टिरिओ फाइलमध्ये डावीकडे संगीत आणि उजवीकडे क्लिक ठेवून फोनला वाय-केबल लावली तरी चालते; संगीत मोनो होतं इतकंच.

फाइल तयार करताना सगळे स्टेम (वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइल) पहिल्या बारपासून, सारख्या लांबीचे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्हीमध्ये काढा. एमपीथ्री नको: एन्कोडिंगमध्ये सुरुवातीला मिलिसेकंदांची शांतता मिसळते आणि स्टेम ठरलेल्या जागेवरून सरकतात. गाण्याआधी दोन बारची मोजणी ठेवा. बीपीएम ८० च्या खाली असेल तर क्लिक दुगुणीत द्या, कारण दोन ठोक्यांमधल्या मोठ्या पोकळीत ड्रमर घसरतो. घरी बरोबर वाटलेली लय मंचावर अनेकदा मंद वाटते. दोन ते चार बीपीएम वाढवून पाहा आणि मगच स्टेम काढा.

कार्यक्रमाच्या दिवशी लॅपटॉप एअरप्लेन मोडवर, नोटिफिकेशन आणि अपडेट बंद, ऑडिओ सेटिंगमधला बफर २५६ सॅम्पल. चार्जर लावल्यावर गुणगुण सुरू झाली तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी देईल. त्याने विजेचा झटका बसून जीव जाऊ शकतो, अजिबात ऐकू नका.

५. माणसं निवडताना

पहिला ड्रमर. बाकीचे त्याच्यावर बसतात आणि क्लिकवर वाजवण्याची सवय असलेले ड्रमर कमी मिळतात. मग बेस, मग कीबोर्ड किंवा दुसरी गिटार. दुसऱ्या आवाजासाठी वेगळा माणूस घेण्याआधी यातलं कोण गातं ते पाहा. गाणारा बेसवाला मिळाला तर एक माणूस, एक तिकीट आणि एक मानधन वाचतं.

दोन गाणी पाठवा, एक सोपं आणि एक अवघड, एकपानी कागदासकट. दहा दिवस द्या. ऑडिशनला पहिलं गाणं जसंच्या तसं वाजवायला सांगा आणि दुसऱ्यात म्हणा, ‘इथे तुला काय वाटतं ते वाजव.’ पहिल्याने तयारी कळते, दुसऱ्याने कान कळतो. त्यानंतर एकदा ‘जरा कमी वाजवशील का?’ असं विचारा आणि काय होतं ते बघा. कमी वाजवू शकणारा वादक दुसऱ्या चांगल्या वादकापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

वाजवण्याइतकेच हे प्रश्नही महत्त्वाचे: नोकरीची पाळी कोणती, परीक्षा कधी, आणखी किती बँड, गणपती आणि दिवाळीत बाहेर कुणाबरोबर वाजवतोस? तबला, ढोलकी आणि कीबोर्डवाले गणेशोत्सवात आणि दिवाळी पहाटच्या कार्यक्रमांत आधीच अडकलेले असतात. त्या दिवसांत तुमची तारीख आली तर पर्यायी वादक कोण, हे उन्हाळ्यातच ठरवून ठेवा.

६. तालमी

गाणं घरी बसवायचं, जॅम रूममध्ये एकत्र बांधायचं. तासाने भाडं मोजून कॉर्ड्स शिकवत बसणं परवडत नाही. चाळीस मिनिटांच्या पहिल्या कार्यक्रमासाठी आठ गाणी धरा: चार मिनिटांची आठ म्हणजे बत्तीस, आणि मधलं बोलणं, तबला बदलणं, गिटार लावणं यांत उरलेली आठ मिनिटं जातात. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, असे सहा आठवडे पुरतात. पहिल्या चार आठवड्यांत आठवड्याला दोन गाणी, पाचव्यात सगळी क्रमाने, सहाव्यात फक्त सलग संच, न थांबता, घड्याळ लावून.

जॅम रूममध्ये ड्रमसेट, अॅम्प, माइक आणि स्पीकर बहुधा असतात. स्नेअर, सिंबल आणि किक पेडल मात्र ड्रमरने स्वतःचे आणणं चांगलं. कार्यक्रमाच्या ठिकाणीही हेच तीन भाग अनेकदा मिळत नाहीत, म्हणून बुकिंगआधी विचारा.

लहान खोलीत आवाजाची शर्यत लागते. ड्रम्स मोठे म्हणून गिटार वाढते, गिटार वाढली म्हणून गाणारा ओरडतो, मग माइक शिट्टी मारतो. उपाय मुळाशी करा: काठ्यांऐवजी पातळ काड्यांच्या जुड्यांचे रॉड वापरा, गिटार अॅम्प स्टुलावर उचलून वादकाच्या कानाकडे वळवा (तो आपोआप आवाज कमी करतो). साध्या कार्डिऑइड माइकला बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर (गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) गायकाच्या समोर, माइकच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर तो बहिरा कोपरा थोडा बाजूला, सुमारे १२५ अंशांवर सरकतो. मॉनिटरही तसाच तिरका सरकवा. माइकची जाळी मुठीत धरली की हे सगळं गणित मोडतं आणि शिट्टी येतेच.

इअरप्लग सगळ्यांनी वापरा. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात असं मानलं जातं आणि दर तीन डेसिबलला ती मर्यादा निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात, आणि बंद खोलीतला ड्रमसेट तिथे सहज पोहोचतो.

प्रत्येक तालीम फोनवर रेकॉर्ड करा. फोन ड्रम्सपासून लांब, छातीच्या उंचीवर ठेवा. ग्रुपवर अख्खी फाइल टाकू नका, कुणी ऐकत नाही. दुरुस्त्या मिनिट-सेकंदासह लिहून टाका.

७. हक्क आणि पैसे: पहिल्या कार्यक्रमाआधी लेखी

भारतीय कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन ते केलं त्याचं. तुम्ही एकट्याने केलेल्या गाण्यात तिन्ही तुमच्याकडे असतात. बँड आल्यावर गुंता होतो: बेसवाल्याने सुचवलेल्या ओळीमुळे गाणं ओळखलं जाऊ लागलं तर तो सहसंगीतकार का? कायदा याचं आयतं उत्तर देत नाही, ते तुम्हालाच ठरवायचं असतं. चालणारा एक नियम असा: जुन्या, प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचे शब्द आणि चाल तुमचीच राहील, बँडने नव्याने केलेल्या ध्वनिमुद्रणात सगळ्यांचा वाटा असेल, तालमीत एकत्र जन्मलेल्या गाण्यांचा वाटा गाणं पूर्ण झालं त्याच आठवड्यात लिहायचा.

हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कुणाला सोडून देता येत नाही. अपवाद वारसांचा आणि कॉपीराइट सोसायटीचा. कुणी ‘सगळे हक्क कायमचे’ असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी म्हणजे आयपीआरएस. १९६९ पासून काम करणाऱ्या या सोसायटीचे सदस्य व्हा, शब्द आणि चाल दोन्ही तुमचं असेल तर गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश आणि प्रसिद्ध गाण्यांची यादी जवळ ठेवा. नोंदलेली नसलेली गाणी वाजली तरी तुमच्या नावावर काही जमा होत नाही. गाण्यातले वाटे इथेही तुमच्या करारातल्यासारखेच नोंदवा.

दुसरा सापळा भागीदारीचा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं काही ठरलं नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो. तुम्ही गाणी लिहिली, सामान घेतलं, तरीही. म्हणून दोन-तीन पानांचा करार करा. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुद्रांक शुल्क बदलल्यापासून साध्या करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. करारात हे मुद्दे हवेत:

– बँडचं नाव कुणाच्या मालकीचं
– जुन्या आणि नव्या गाण्यांतले वाटे
– मानधन वाटायची पद्धत आणि बँडचा निधी
– निधीतून घेतलेलं सामान कुणाचं
– कार्यक्रम स्वीकारायचा निर्णय कोण घेतो, किती जणांची संमती लागते
– सोडून जाताना किती दिवसांची पूर्वसूचना
– खात्यांचे पासवर्ड कुणा दोघांकडे

मानधन वाटण्याचं उदाहरण घ्या. आयोजकाने ३०,००० दिले. प्रवास ६,००० आणि साऊंड इंजिनीअर ४,००० आधी वजा, उरले २०,०००. त्यातले २० टक्के, म्हणजे ४,०००, निधीला. राहिलेल्या १६,००० चे चौघांत प्रत्येकी ४,०००. हा तक्ता कार्यक्रम घेण्याआधी ग्रुपवर टाका, नंतर नको.

टीडीएस विसरू नका. एका आयोजकाने वर्षात ५०,००० पेक्षा जास्त व्यावसायिक मानधन दिलं तर साधारणपणे १० टक्के कापले जातात, आणि ते ज्याच्या पॅनवर बिल आहे त्याच्या नावावर जमा होतात. सगळी बिलं एकाच्या पॅनवर गेली तर सगळ्यांचं उत्पन्न त्याच्या विवरणपत्रात दिसतं आणि कराचा बोजाही त्याच्यावर येतो. बाकीच्यांना दिलेलं मानधन रोखीने न देता बँकेतून द्या आणि प्रत्येकाचं बिल घ्या, म्हणजे ते खर्च म्हणून दाखवता येतं. कार्यक्रम नियमित होऊ लागले की भागीदारी संस्था नोंदवून तिचं वेगळं पॅन आणि खातं काढा.

८. नाव आणि प्रोफाइल

एकट्याच्या प्रकल्पाचंच नाव बँडला ठेवणं सोपं असतं. ऐकणारे आणि जुनी गाणी एकाच जागी राहतात. मराठी नावाला रोमन स्पेलिंगचा त्रास होतो. ‘सावली’ तीन-चार तऱ्हांनी लिहिता येते, आणि एका गाण्यात एक व दुसऱ्यात दुसरी तऱ्हा वापरली की स्ट्रीमिंगवर दोन वेगळे कलाकार तयार होतात. एक स्पेलिंग ठरवा, ते आधी कुणी वापरत नाही ना हे तपासा आणि सगळीकडे तेच ठेवा.

नाव टिकणार अशी खात्री पटली की ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ४१ मध्ये (मनोरंजन सेवांच्या वर्गात) करा. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्तीसाठी एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. अर्ज कुणाच्या नावाने, हे करारात लिहिलेलं असावं.

बँडने जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड केलं तर त्याला नवा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा कोड) लागतो. फक्त डिस्ट्रिब्युटर (स्ट्रीमिंगवर गाणी पोहोचवणारी कंपनी) बदलत असाल तर जुनाच कोड कायम ठेवा, नाहीतर आकडे शून्यापासून सुरू होण्याची भीती असते. गाणं प्रसिद्धीच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायवर संपादकांकडे पाठवायला निदान सात दिवस हातात लागतात.

९. पहिला कार्यक्रम

आयोजकाला तीन कागद पाठवा: मंचाचा नकाशा, इनपुट यादी, संपर्क आणि वेळा. पाच जणांच्या बँडची यादी साधारण अशी असते: किक, स्नेअर, हाय-हॅट, टॉम, फ्लोअर टॉम, ओव्हरहेड दोन, बेस डीआय, गिटार माइक, कीबोर्ड दोन डीआय, बॅकिंग ट्रॅक दोन डीआय, मुख्य आवाज, साथीचे दोन आवाज. झाले बरोबर सोळा चॅनेल. तबला आला की दोन माइक वाढतात, आणि सोळा चॅनेलच्या मिक्सरवर जागा उरत नाही. तेव्हा एक ओव्हरहेड आणि हाय-हॅटचा माइक सोडा. सिंबल तसेही सगळ्या माइकमध्ये शिरतात.

बहुतेक कार्यक्रमांत सविस्तर साऊंडचेक मिळत नाही. पंधरा मिनिटांचा लाइन चेक मिळतो. त्यात गाणं पूर्ण वाजवत बसू नका. यादीच्या क्रमाने प्रत्येक चॅनेल येतो का ते पाहा, क्लिक फक्त ड्रमरच्या कानात आहे ना ते तपासा, मग सगळ्यात भरगच्च गाण्याचं धृपद एकदा. मॉनिटरमध्ये काय हवं ते एकेकाने सांगायचं, पाचही जणांनी एकदम नाही.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे. आधीचे कार्यक्रम लांबले की शेवटच्या बँडची गाणी कापली जातात, म्हणून कोणती दोन गाळायची हे ठरवून ठेवा आणि तबल्याचा क्रम त्या गळतीनंतरही जुळतो ना ते बघा. मुंबईत लोकलने जाणार असाल तर मोठ्या सामानासाठी लगेज डबा आणि गर्दीबाहेरची वेळ धरा. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड अशा वेळी ८८ च्या जड कीबोर्डपेक्षा शहाणपणाचा. पावसाळ्यात केसच्या आत प्लॅस्टिक आणि सिलिका जेल हवंच.

कार्यक्रमानंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. आयोजकाने आयपीआरएसचा परवाना घेतला असेल तर तुमच्या रॉयल्टीसाठी ही यादी लागते.

१०. कुणी सोडून गेलं तर

जाईल असं धरूनच काम करा. नोकरीची बदली होते, लग्न होतं, परदेशी शिक्षण सुरू होतं. गाण्यांचे एकपानी कागद, स्टेम आणि तालमीची रेकॉर्डिंग एका सामायिक फोल्डरमध्ये अद्ययावत असतील तर नवा वादक दोन आठवड्यांत तयार होतो. तालमीत बदललेला भाग त्याच दिवशी कागदावर उतरवायची जबाबदारी एकाच माणसाला द्या.

जाणाऱ्याचा हिशोब त्याच्या शेवटच्या कार्यक्रमापासून पंधरा दिवसांत चुकता करा: निधीतला वाटा, थकलेलं मानधन, त्याच्या नावावर घेतलेलं सामान. पासवर्ड बदला, आयोजकांना नवा संपर्क कळवा. त्याने वाजवलेल्या ध्वनिमुद्रणांच्या श्रेयातून त्याचं नाव मात्र काढू नका, आणि डिस्ट्रिब्युटरकडे लावलेला त्याचा वाटा त्याच्या खात्यात तसाच जात राहू द्या.